फळीवरचा वसंता

लवूची गिरणी दिवाळी झाल्यावर बंद पडली. आजूबाजूच्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते, पण आपला भोंगा तो आपला. त्याच्यावाचून लालबागच्या त्या चाळीत चहा कधी टाकायचा, नळावर कधी जायचं, सगळंच चुकायला लागलं. साचेखात्यातली, मागावरची माणसं काही दिवस फाटकासमोर उकिडवी बसून राहिली, विड्या ओढल्या, मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग एकेक पांगली.

लवू पांगला नाही. पहाटे उठून तो परळपर्यंतच्या गिरण्यांच्या दारांत बदलीचं, एका दिवसाचं काम मिळतं का बघत हिंडायचा. रांगेत उभं राहायचं, माणसं निवडणाऱ्या जॉबरनं बोट केलं तर आत, नाहीतर घर. एका जॉबरनं त्याला पान आणायला पिटाळलं. लवूनं धावत जाऊन आणलं. जॉबरनं ते गालात सारलं आणि बोट दुसऱ्याच माणसाकडे केलं. ही गोष्ट लवूनं घरी सांगितली नाही. पण शेजारच्या बकुळेच्या नवऱ्यानं ती पाहिली होती, तेव्हा दुपारपर्यंत सगळ्या गॅलरीला ठाऊक झाली. संध्याकाळी अंबिकेनं नवऱ्याला वाढलं ते त्याच्या तोंडाकडे न बघता. तोही मान खाली घालून जेवला.

अशात आफ्रिकेचं निघालं. युगांडा म्हणून मुलूख आहे, तिथे कापडाची नवी गिरणी उभी राहतेय, तिथल्या माणसांना साचे शिकवायला मुंबईचे विणकर हवेत, असं सांगणारा एक एजंट फोर्टात बसत असे. त्यानं लवूचे हात उलटेसुलटे करून बघितले, दंड दाबून बघितला; बाजारात बैल घेताना बघतात तसे दात तेवढे बघायचे राहिले. नाव लागलं. नवरा-बायकोचं बोटीचं भाडं गिरणीचं, राहायला खोलीही गिरणीची. आईची सोय मात्र नव्हती.

"आये एकटी रवतली तर मी जावचंय नाय," लवू म्हणाला.

गंगुबाई तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर न करता फळीकडे हात केला. "एकटी कशी? वसंता आसा मा हय."

तेवढ्यावर जायचं ठरलं. लवूचं जाणं त्या फळीच्या भरवशावर होतं, आणि फळीवर होता एक नारळ.

वसंता हा गंगुबाईचा धाकटा मुलगा. संयुक्त महाराष्ट्राच्या पहिल्या मोठ्या धुमाळीत, जानेवारीतल्या गोळीबारात गेला, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. मोर्चात होता म्हणावं तर नव्हता, आणि नव्हता म्हणावं तर नाक्यावर उभं राहून मुंबई आमची म्हणून घसा फोडत होता. गोळी लागल्यावर लोकांनी त्याला उचलून चाळीच्या जिन्यापर्यंत आणला. पाणी मागत होता. गंगुबाई तांब्या घेऊन खाली धावली, पण ती पोचेपर्यंत संपलं होतं. पुढे जिन्यात बायांना शीळ ऐकू यायला लागली. वसंताला शीळ घालत जिना चढायची खोड होती. भरलेल्या कळशा हातातून निसटायला लागल्या. बिनलग्नाचा, भरल्या अंगाचा, तहानलेला गेलेला मुलगा तो, सुखासुखी जाणार कुठे?

तेव्हा गंगुबाईनं गावाहून दगडू घाडी आणवला. गावची भुतंखेतं, देव आणि माणसं या सगळ्यांशी त्याचं सारखंच बोलणं. त्यानं जिन्यात बसून गाऱ्हाणं घातलं आणि वसंताला नारळात बसवला. नारळाच्या डोळ्यांत कुंकू भरलं, लाल फडकं बांधलं, तांदळाच्या राशीवर फळीवर ठेवला. अवसेला दूध दाखवायचं, दुसऱ्या दिवशी फडकं धुवायचं. आतलं पाणी आटलं तर घाडी येऊन दुसऱ्या नारळात बसवील (गेल्या गणपतीत तसा बसवलाही होता), तोवर हा फोडायचा नाही, जमिनीवर ठेवायचा नाही. जिन्यातली शीळ थांबली.

थांबली ती खोलीत आली, असं अंबिकेला वाटे. तिला त्या नारळाचा धाक होता. लुगडं बदलायचं तर फळीकडे पाठ करून. दिराला नाव घेऊन हाक मारायची नाही, तसं नारळासमोर मोठ्यानं हसायचंही नाही. गंगुबाई रोज सकाळी नारळाला उठवायची, "वसंता, उठ रे. भोंगो झालो." मग कान देऊन ऐकायची आणि मान हलवायची, म्हणजे उत्तर मिळालेलं असे. सुनेच्या कागाळ्याही तिथेच व्हायच्या, आणि चांगल्या मोठ्यानं व्हायच्या.

"बघलंस वसंता? तुझ्या वयनीन आज भात करपवल्यान."

त्या खोलीत अंबिकेला दोनदा दिवस राहून पडले होते. दुसऱ्या वेळी ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि सासू फळीशी कुजबुजत होती. काय कुजबुजली ते अंबिकेला कळलं नाही, पण तेव्हापासून तिचं मन त्या खोलीवरून उडालं. आफ्रिका कुठल्या दिशेला आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. तिथे फळी नसेल, एवढं तिला पुरे होतं.

चाळीत मात्र जो तो शहाणपण सांगायला येत होता. लवूच्या खात्यातला शामराव, समितीच्या सभांना खुर्च्या मांडणारा, गॅलरीत उभा राहून म्हणाला, "भावानं मुंबईसाठी छातीवर गोळी घेतली, आणि तू मुंबईच सोडून चाललास? उद्या मुंबई मिळेल तेव्हा कोण नाचणार?"

"तू नाच माझ्या वाट्याचा," लवू म्हणाला. हसून म्हणाला, पण त्या दिवशी तो जेवला नाही.

बोटीच्या आधी दोघांना टोचून घ्यावं लागलं, देवीचं आणि पिवळ्या तापाचं. टोचून आले आणि दोघंही आडवे झाले. लवूचा दंड टम्म फुगला. अंबिकेला थंडी वाजून ताप भरला. तरी सामानाची बांधाबांध थांबून चालणार नव्हती. ट्रंक होती फळीच्या वरच्या माळ्यावर, आणि ती काढायची तर फळी मोकळी करणं भाग होतं. लवूनं एका हातानं डबे, देवाची तसबीर, बरण्या खाली दिल्या. नेमकी आदल्या दिवशी अवस झालेली. गंगुबाई लाल फडकं धुवायला नळावर गेली होती आणि नारळ उघडाच तांदळावर होता. लवूनं तो परातीत ठेवला, परात खाटेवर ठेवली; जमिनीवर ठेवायचा नाही एवढं त्याच्या लक्षात होतं. मग ट्रंक उतरवली आणि दंड धरून तो भिंतीशी आडवा झाला, त्याचा डोळा लागला.

बकुळा नुकतीच गावाहून बोटीनं आली होती. ती दारातून आत डोकावली. "अंबिका, हे घे गं, आमच्या परड्यातले नारळ. तिकडे मिळतात का नाही देव जाणे." तिनं ओच्यातले नारळ समोर दिसली त्या परातीत ओतले आणि गेली.

अंबिका आतून स्टोव्हशी बसून "ठेव तिथंच" म्हणाली होती. थोड्या वेळानं ती उठली. डोळ्यांची आग होत होती, डोकं बधिर झालं होतं. परातीतला हाताला लागला तो नारळ तिनं उचलला, कोयत्याच्या मागच्या बाजूनं दोन टोले घालून फोडला, पाणी वाटीत धरलं, खवला, वाटला आणि तिरफळं घालून बांगड्याचं कालवण केलं.

नारळ परातीत ठेवलाय, असं लवूनं नळावरून आलेल्या आईला सांगितलं. सगळे जेवले. तापानं तोंड कडू झालेलं असताना लवूनं ताट पुसून खाल्लं. गंगुबाईनं दोनदा वाढून घेतलं.

"रस गोड लागता गो," ती म्हणाली. सुनेचं कौतुक तिच्या तोंडून क्वचितच निघे, म्हणून अंबिकेला बरं वाटलं. तिनं एक वाटी बकुळेकडेही पाठवली. गंगुबाई फडकं वाळलं का बघायला गॅलरीच्या टोकाला गेली.

भांडी घासायला बसली तेव्हा अंबिकेला करवंटी दिसली. एक अर्धी मघाशीच पाण्याच्या बंबात गेली होती. दुसरी, डोळ्यांची, मोरीच्या कडेला पालथी पडली होती. तिन्ही डोळ्यांत कुंकू होतं. जुनं, काळपट, तेलानं घट्ट बसलेलं.

तिला ओकून टाकावंसं वाटलं, पण ओकायचं कुठे? मोरीत? दिराला मोरीत ओकायचं? तिनं तोंड दाबून धरलं आणि गिळलं. मग जे केलं ते हातांनी आपलं आपण केलं. परातीतला तेवढ्याच आकाराचा एक नारळ निवडला, डोळ्यांत तेलकुंकू भरलं, तांदळाची रास केली आणि फळीवर ठेवला. करवंटी ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली सारली. गंगुबाई फडकं घेऊन आली. तिनं ते नारळाला बांधलं, हात जोडले आणि तिला काही कळलं नाही.

किंवा लगेच कळलं नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवशी लवू गादी गुंडाळून दोरी आवळत होता. आवळता आवळता त्यानं शीळ घातली. अंबिकेच्या हातातलं भांडं निसटलं. लवूला उभ्या जन्मात शीळ घालता आली नव्हती. लहानपणी वसंता त्यावरून त्याला चिडवायचा. "तुमी शीळ घातलास?" तिनं विचारलं. "मी?" लवू म्हणाला. त्याच्या ध्यानातही नव्हतं. दुपारी बकुळा दारात बसून बोलत होती, आणि बोलताना कानाची पाळी ओढत होती. तशी कोण ओढायचा ते अंबिकेला आठवलं आणि ती उठून आत गेली. आत गेली तर तिच्या स्वतःच्या तोंडाला चिंच आणि मिठासाठी पाणी सुटलं. डब्यातली चिंच चोरून खाताना वसंता कितीदा सापडला होता. तापामुळे होतंय म्हणावं, तर ताप उतरला होता. तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि चिंचेला हात लावला नाही.

आणि फळी गप्प झाली.

"वसंता, उठ रे. भोंगो झालो." गंगुबाईनं कान दिला. बराच वेळ दिला. मग सुनेकडे वळून म्हणाली, "बोलत नाय आज."

"झोप लागली असात," अंबिका कसंबसं म्हणाली.

पुढच्या सकाळीही तेच. त्याच्या पुढच्याही. गंगुबाईनं फडकं सोडून पुन्हा बांधलं, दूध दाखवलं, गूळ ठेवला. लाडानं बोलली, मग रागावली, मग रडली. सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात तीस वर्षं काढलेली, कापसानं छाती पोखरलेली बाई ती. नवरा गेला तेव्हाही चाळीनं तिला दारात बसून रडताना पाहिलं नव्हतं. आता ती स्टुलावर चढून नारळाला कान लावी. अंबिका मागून स्टूल धरून उभी राही आणि सासूच्या पायांच्या फुगलेल्या शिरांकडे बघत राही. सांगून टाकावं असं प्रत्येक वेळी तिच्या ओठांवर येई. बोट जवळ येत होती. सांगितलं तर लवू जाणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं.

पण न सांगूनही तेच झालं.

"लवू," बोटीच्या आदल्या दिवशी सकाळी गंगुबाई म्हणाली, "माका हय एकटीक भय वाटता रे. तो नाय हय. खंय गेलो काय म्हायत."

लवूनं आईकडे बघितलं. ती भय वाटतं म्हणाली असं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. तो बांधलेल्या गादीपाशी बसला आणि दोरीची गाठ सोडायला लागला. दुखऱ्या हातानं गाठ सुटेना, तेव्हा दातांनी ओढली. मग खुंटीवरचा कोट काढला. "एजंटाक सांगान येतंय. जाणा होवचा नाय."

अंबिकेच्या डोळ्यांपुढे तो जॉबर आला, गालात पान सारणारा. उद्या पहाटेपासून पुन्हा ती रांग. संध्याकाळी पुन्हा ही खोली, पुन्हा फळीवरच्या परक्या नारळाला साद घालणारी सासू, आणि हे सगळं ठाऊक असलेली आपण एकटी. हे किती वर्षं?

"च्याय घेवन जावा," ती म्हणाली. "दूध नासला. तेवढा हाडून द्या."

लवू भांडं घेऊन खाली उतरला. अंबिकेनं दार लोटलं आणि ती सासूच्या समोर जमिनीवर बसली.

"आये, ह्यो नारळ भावजींचो नाय. बकुळान दिल्यान त्यातलो आसा."

गंगुबाईनं वर फळीवरच्या नारळाकडे बघितलं.

"भावजींचो माझ्या हातान फुटलो. टोचून इलंव त्या दिवशी. तापात माका कळाक नाय. मगे करवंटी बघलंय, कुंकू होता."

"फोडून काय केलंस?"

"कालवण."

"बांगड्याचा?"

"व्हय."

गंगुबाई हळूहळू खाटेची कड धरून खाली बसली. अंबिकेनं मान खाली घातली, पाठ पुढे केली. सासूनं झिंज्या धराव्यात, लाथ घालावी, चाळ गोळा करावी, काहीही करावं, यासाठी तिची तयारी होती. वरच्या मजल्यावर कोणीतरी मसाला कुटत होतं, त्याचे ठोके छतातून येत होते.

"सगळो घातलंस?" गंगुबाईनं विचारलं.

"सगळो."

"मी खाल्लंय."

"दोनदा घेतलास."

"गोड लागता म्हटलंय," गंगुबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माका वळख नाय पटली गो. गोड लागता म्हटलंय."

अंबिका रडायला लागली. गंगुबाई रडली नाही. तिचा एक हात पदराखाली गेला आणि पोटावर स्थिरावला. ती तशीच बसून राहिली, मान कलती करून, रोज फळीशी बसायची तशी. कान देऊन ऐकत होती. अंबिकेला ते दिसलं आणि तिचं रडू जागच्या जागी थांबलं.

"म्हणान थंयसून बोलत नाय तो," गंगुबाई शेवटी म्हणाली. "मी फळीक हाक मारतंय, आनि तो हय." तिनं हात थोडा खाली सरकवला. "पयलो पण हयच होतो मा. वाट ठावक आसा त्येका."

"आये—"

"गप. लवूक सांगू नको. त्येका सोसवचा नाय. करवंटी खंय आसा?"

अंबिकेनं ट्रंक उघडून शालूखालची करवंटी काढून दिली. गंगुबाईनं ती उजेडाकडे धरली, डोळ्यांतलं कुंकू अंगठ्यानं पुसलं आणि उठून सरळ बंबात टाकली. करवंटीनं पेट घेतला. ती म्हणाली, "ठेव पाणी. तो दूध हाडीत इतक्यात."

लवू आला तेव्हा आई फळीवरून नारळ उतरवून अंबिकेच्या हातात देत होती. तो दारातच थबकला.

"खोबरा करून डब्यात घाल, वाटेक होयत," गंगुबाई सुनेला म्हणाली, आणि मुलाकडे वळली. "बघतंस काय? तो आता फळीवर नाय. माझ्यावांगडा बोललो. गादी बांध ती. उद्या जावचा आसा तुमका."

"बोललो?" लवूनं विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर आशा इतकी उघडी होती की अंबिकेला बघवेना.

"बोललो. माका सोबत आसा."

त्यानं कोट काढून खुंटीला लावला.

तो सगळा दिवस गंगुबाई शांत होती. इतकी शांत की बकुळा म्हणाली, म्हातारीनं मुलाचं जाणं चांगलंच मनावर घेतलं. फक्त अंबिका बघत होती. सासू बसताना भिंतीचा आधार घेत होती. उठताना कमरेवर हात ठेवत होती. कळशी उचलायला वाकली, आणि वाकता वाकता थांबून म्हणाली, "तूच उचल गो, माका नको आता." जेवताना पहिला घास खाल्ला, थोडी थांबली, समाधानानं दुसरा खाल्ला. दुपारी तिनं डब्यातली चिंच मागितली. अंबिकेनं मीठ लावून दिली आणि गंगुबाई दाराशी बसून ती बोटानं चाटत राहिली. साठीची बाई. कुंकू पुसलेल्या कपाळावर बारीक घाम आला होता आणि तोंडावर तकाकी होती. ती अंबिकेला पाहवत नव्हती आणि तिच्यावरून नजरही हलत नव्हती. आपण सासूला सोबत देऊन चाललोय की वेड लावून, हे तिला ठरवता येईना. बोट सोडावी असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण ते तोंडातून बाहेर पडलं नाही, आणि का पडलं नाही हे तिचं तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ट्रंक आणि गाद्या हातगाडीवर घातल्या. गल्लीच्या तोंडाशी मोर्चासाठी माणसं जमत होती; शामरावनं झेंडा दुसऱ्याच्या हातात देऊन लवूला मिठी मारली आणि काही टोमणा मारला नाही. गंगुबाईला कोकणच्या बोटीचा भाऊचा धक्का ठाऊक. हा परदेशी बोटींचा धक्का निराळा, शिपायांचा, फाटकांचा. कठड्याच्या आत पोचवायला आलेल्यांना सोडत नव्हते. लवूनं आईचे पाय धरले. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला, जरा घाईनंच, घरी कोणी वाट बघत असल्यासारखा. अंबिका वाकली तेव्हा ती तिच्या कानाशी लागून म्हणाली, "तुमी दोगांनीय खाल्लास मा? मगे तुमच्यातय थोडो आसात. जपा."

बोटीच्या कठड्याशी जागा मिळेपर्यंत दोर सुटले होते. खाली धक्क्यावर गर्दी झाली होती, सगळे हात हलवत होते, कोणी टोप्या, कोणी पदर, कोणी नुसते रुमाल. लवूनं आईला शोधून काढलं आणि दुखरा दंड विसरून दोन्ही हात हलवायला लागला.

गंगुबाई हलवत नव्हती. गर्दीपासून थोडी बाजूला, पाय फाकवून, पाठ जराशी मागे टाकून ती उभी होती. दिवस भरत आलेल्या बाईला उभं राहावं लागतं तशी. दोन्ही हात पोटाखाली धरलेले. मान खाली, आणि ओठ हलत होते.

"आये हात कित्याक करीत नाय?" लवू म्हणाला. "पोटात दुखता की काय तिच्या?"

"नाय," अंबिका म्हणाली, "दुखत नाय." आणि तिनं कठड्यावरून हात वर करून दोघांचाही निरोप घेतला.